बाठा आणि कलम : आंब्याच्या इतिहासात आपल्या गावांचे स्थान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे शिकलो. ते इतिहास शिकवीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा तास पुष्कळदा शाळेमागच्या आंब्याखाली भरे. एकदा ते आम्हांला म्हणाले होते की, तुमच्या पुस्तकातल्या एकाही राजाने हे झाड पाहिलेले नाही. पण या झाडाच्या पूर्वजांनी ते सगळे राजे पाहिलेले आहेत. त्या वयात आम्हांला त्यात केवळ गंमत वाटली. पुढे मीही इतिहासाचा शिक्षक झालो, कागदपत्रे चाळू लागलो आणि त्या वाक्यात एक संपूर्ण विषय दडलेला आहे हे हळूहळू ध्यानात आले. आज त्याच विषयावर बोलण्याची संधी शाळेने दिली, याबद्दल मी ऋणी आहे.

मी शेतीतज्ज्ञ नव्हे किंवा वनस्पतिशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. तेव्हा आंब्याची लागवड कशी करावी हे सांगणे माझे काम नाही. रानातले एक झाड माणसाने आपलेसे कसे केले, त्या दीर्घ व्यवहारात गोमंतकाचा वाटा कोणता आणि त्या वाट्यात पाळी, वेळगे, कोठंबीसारख्या डिचोली तालुक्यातील गावांचे स्थान कोणते, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे.

झाड हेही एक दप्तर

इतिहासकाराला दप्तर लागते. ताम्रपट, शिलालेख, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या ही आपली नेहमीची साधने. परंतु माणसाने शतकानुशतके जोपासलेले झाड हेही एक दप्तरच असते. कोणती चव कोणाला आवडली, कोणते फळ कोठून कोठे गेले, कोणत्या घराण्याने कोणते झाड राखले, हे सर्व त्याच्या अंगात लिहिलेले असते. अलीकडच्या काळात शास्त्रज्ञांना ही लिपी वाचता येऊ लागली आहे.

ती वाचण्यापूर्वी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आंब्याचा बाठा पेरला तर आईसारखेच झाड येईल, असे सांगता येत नाही. मोहरातल्या फुलांवर माश्या आणि मधमाश्या हिंडतात, एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलांवर जातात आणि आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या बाठ्यात या मिश्र संबंधातून झालेला एकच गर्भ असतो. त्यामुळे प्रत्येक बाठा म्हणजे एक नवे अपत्य. त्याचा बाप कोण हे बहुधा कोणालाच माहीत नसते. हापूस खाऊन त्याचा बाठा परसात पुरला आणि आठदहा वर्षांनी फळ धरले की घरातली माणसे हिरमुसतात, याचे कारण हेच.

कलमाची गोष्ट याच्या अगदी उलट. कलमाची काडी ज्या झाडाची, तेच झाड नव्या खुंटावर वाढते. देवगडच्या बागेतला हापूस हा कोण्या मूळ हापूसचा नातू किंवा पणतू नव्हे. काडी काडीने हिंडत आलेले ते मूळ झाडच आहे. बाठ्यातून वंश चालतो, तर कलमातून एकच व्यक्ती जगत राहते. आंब्याचा सारा इतिहास या दोन वाटांच्या संबंधाचा इतिहास आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

ऑलिव्हचा दाखला

हा संबंध केवळ आंब्यापुरता नाही. भूमध्य समुद्राच्या काठी ऑलिव्हच्या झाडाची अशीच कथा आहे. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी, त्या समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात माणसाने रानटी ऑलिव्हमधून मोठ्या फळांची आणि अधिक तेलाची झाडे निवडली. फांद्या, गाठी आणि कलमे यांच्या साहाय्याने ती झाडे जशीच्या तशी पश्चिमेकडे नेली. गियोम बेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की, ऑलिव्हची मुख्य निवड पूर्व भूमध्य प्रदेशाच्या उत्तर भागात झाली असावी. आणि पुढे झाडे पश्चिमेकडे गेल्यावर तेथल्या रानटी झाडांशी त्यांचा संकर होऊन नव्या जाती निपजल्या. म्हणजे माणसाने चांगले झाड कलमाने टिकविले खरे, पण नवी जात मात्र बहुधा कुंपणाबाहेरच्या रानटी झाडाशी आलेल्या संबंधातून, बीमधूनच जन्माला आली.

हा दाखला मुद्दाम दिला. आपल्याकडच्या आंब्याची कथा याच सूत्रावर चालते, आणि शेवटी मला पुन्हा एकदा या झाडाकडे वळावयाचे आहे.

रानातून अंगणात

आंब्याचे घराणे फार जुने. मेघालयातील दामलगिरी येथे आंब्याच्या पानाशी साम्य असलेल्या पानांचे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. आज आपण खातो त्या आंब्याचे मूळ आसाम ते ब्रह्मदेश या पट्ट्यात असावे, हे मत वनस्पतिशास्त्रज्ञांत दीर्घकाळ मान्य आहे. परंतु माणसाने आंबा एकदाच आणि एकाच जागी आपलासा केला काय, या प्रश्नाचे उत्तर तितके सरळ नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या आंब्यांच्या जनुकांची तुलना करण्यात आली. आग्नेय आशियातील आंब्यांत भारतीय आंब्यांत न आढळणारे वैविध्य त्यात दिसून आले. एका मुळापासून एक सरळ फांदी निघाली, असे चित्र त्यातून उभे राहत नाही.

त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. गहू, भात यांसारखी पिके माणसाने निवडली तेव्हा त्यांच्यातील वैविध्य पुष्कळ आटले. आंबा मात्र देशोदेशी जाऊनही त्याचे वैविध्य तसे आटलेले दिसले नाही. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. आंब्याचे झाड शंभर वर्षांहूनही अधिक जगते. शतकभरात शेतकरी भाताचे बी शंभर वेळा निवडून पेरतो. आंब्याच्या तेवढ्याच काळात एखाददुसरी पिढी होते. त्यातून प्रत्येक बाठा निराळा, आणि बाठे पेरणारे हात असंख्य. वाटसरूने खाऊन टाकलेला, पोराने कुंपणापलीकडे भिरकावलेला, पावसाच्या लोंढ्याने वाहून नेलेला बाठा कोठेतरी रुजतो. फळ बरे निघाले तर झाड राहते. न निघाले तर सरपणाला जाते. निवड झाली, पण ती हजारो अंगणांत हजारो आवडींनी झाली. म्हणून भारतात आज नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंब्यांच्या जातीच हजाराच्या आसपास आहेत आणि बिननावाच्या झाडांची तर गणतीच नाही.

गोव्यातील कलम

आता आपण गोव्याकडे येऊ. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये त्याने येथेच आपला वनौषधींवरील संवादरूप ग्रंथ छापविला. त्या ग्रंथात आंब्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. मुंबईच्या बेटावरील आपल्या जागेत वर्षातून दोनदा फळणारे एक झाड आहे, असेही ओर्ताने नोंदविले आहे. म्हणजे निरनिराळ्या झाडांचे निरनिराळे गुण हेरून नोंदविण्याची दृष्टी त्या काळात येथे होती. आंब्याला युरोपात रूढ झालेले ‘मांगा’ हे नावही मलयाळम-तमिळमधून पोर्तुगिजांच्या तोंडी बसून तिकडे गेले.

आंब्याची कलमे गोव्यात मोठ्या प्रमाणावर बांधण्याचे श्रेय परंपरेने जेजुइट पाद्र्यांना दिले जाते. येथे थोडा विवेक ठेवावयास हवा. कलमाची कल्पनाच परदेशातून आली, असे म्हणता येणार नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे आणि एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या मुळावर किंवा खोडावर बसविण्याचा विधी त्यात सांगितला आहे. जेजुइटांच्या काळात घडले ते वेगळे. कुंडीतले रोप फांदीजवळ नेऊन दोघांची साल तासायची आणि एकत्र बांधायची, ही भेटकलमाची रीत आंब्याच्या बाबतीत नेटाने व सातत्याने वापरली गेली आणि तिच्यायोगे आवडती झाडे नावानिशी कायम झाली.

याचा उत्तम पुरावा निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाच्या ग्रंथात मिळतो. मोगल दरबारात पुष्कळ वर्षे काढलेला हा गृहस्थ संभाजी महाराजांची गोव्यावर स्वारी झाली त्या सुमारास, १६८३-८४ मध्ये, गोव्यात होता आणि पोर्तुगीज विजरईचा वकील म्हणून महाराजांकडेही गेला होता. उत्तम आंबे गोव्याच्या बेटावर होतात असे सांगून त्याने त्यांची नावेच दिली आहेत. त्यांत निकोलाव आफोंसो, पांढरी करैर व तांबडी करैर, कोंद म्हणजे उमरावाचा आंबा, जुवांव परैर, सेक्रेत अशी डझनभर नावे आहेत. आफोंस द आल्बुकर्क याच्या नावावरून हापूस हे नाव पडले, अशी लोकप्रिय कथा आपण शाळेपासून ऐकतो. परंतु आल्बुकर्क वारला १५१५ मध्ये आणि मनुचीच्या यादीत स्पष्टपणे निकोलाव आफोंसो या दुसऱ्याच माणसाचे नाव आंब्याला लागलेले दिसते. हापूसचा ‘आफोंस’ विजेता सेनापती नसून झाडाशी जवळचा संबंध असलेला कोणी गृहस्थ असावा, असे मानण्यास या यादीने चांगला आधार मिळतो.

त्या परंपरेतील पुष्कळ नावे आजही आपल्या बाजारात ऐकू येतात. फर्नांदिन, शावियेर, मुसराद ही त्यांतलीच. पायरीचे नाव पेरीश या आडनावाशी जोडले जाते. मानकुरादची गोष्ट तर मोठी मनोरंजक आहे. ‘माल कोरादो’ म्हणजे वाईट रंगाचा. पिकल्यावर साल सारखी रंगत नाही, डाग राहतात, म्हणून ठेवलेले हे नाव. लोकांनी फळ चाखले, नाव आपल्या जिभेवर घोळविले आणि ‘माल’चा ‘मान’ केला.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

येथवरची कथा बहुतेक पुस्तकांत सापडते. परंतु ही कथा आहे तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीची. आपण बसलो आहोत ते पाळी गाव नव्या काबिजादीतले. तेव्हा आपल्या बाजूने पाहावयाचे तर तारखा पुन्हा एकदा मांडाव्या लागतात.

तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश व सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. जेजुइट गोव्यात आले १५४२ मध्ये. याच काळात डिचोली, साखळी, पेडणे हा भाग आधी आदिलशाहीत व पुढे मराठ्यांच्या आणि सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होता. डिचोलीपासून जवळच नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक आहेच. मधल्या काळात काही ठाणी पोर्तुगिजांनी घेतली आणि सोडली. परंतु डिचोली, सत्तरी आणि पेडणे कायमची त्यांच्याकडे गेली ती १७८१ ते १७८८ या वर्षांत. आणि जेजुइटांची गोव्यातून हकालपट्टी झाली १७५९ मध्ये. ज्यांच्या बागांत कलमे बांधली जात होती ते पाद्री निघून गेल्यानंतर वीसबावीस वर्षांनी आपला प्रदेश त्या राज्याला जोडला गेला.

माझ्या मते आंब्याच्या इतिहासात या वीस वर्षांना अर्थ आहे. जुन्या काबिजादीतील नामांकित आंब्यांना माणसांची, संतांची, आडनावांची पोर्तुगीज नावे आहेत. माझ्या लहानपणी आमच्या परिसरातल्या जुन्या झाडांना असले एकही नाव नव्हते. त्यांची नावे फळाच्या गुणावरून पडलेली असत. खोबऱ्यासारखा गर तो खोबऱ्या, शेंदरी रंगाचा तो शेंदऱ्या, शेपूचा वास येणारा तो शेप्या. किंवा मग झाड जेथे उभे तेथले नाव त्याला मिळे, जसे देवळाकडचा, व्हाळावरचा, खळ्यातला. ही सगळी बाठ्याची झाडे, ज्यांना घाटावर आणि कोकणात रायवळ म्हणतात आणि ज्यांच्या लहान रसाळ फळांना आपण घोटां म्हणतो.

याचा अर्थ कलम आपल्याकडे आलेच नाही, असा मी करीत नाही. झाडांना सरहद्द नसते. सोयरिकी होत्या, जत्रा होत्या, होड्यांतून माल जात-येत होता. एखादी सून माहेरच्या मानकुरादचे रोप घेऊन आली असेल, एखाद्या भाटकाराने हौसेने कलम आणविले असेल. परंतु सर्वसाधारण चित्र असे की, कलमाची वाट सीमेच्या पलीकडे रुंद झाली आणि बाठ्याची वाट सीमेच्या अलीकडे मोकळी राहिली. गोव्याच्या आंब्याच्या इतिहासाची ही दोन पाने आहेत. त्यांपैकी एकच आजवर वाचले गेले.

नवी चव कोठून येते?

यावर कोणी विचारील की, उत्तम जाती हाती आल्यावर या आंबटगोड, धाग्यांच्या घोटांचे महत्त्व ते काय? या प्रश्नाचे उत्तर इतिहासच देतो.

हापूस गोव्यातून रत्नागिरीकडे गेला, तेथल्या कातळावर रमला आणि जगभर नाव कमावून बसला. २०१८ मध्ये त्याला कोकणचा हापूस म्हणून भौगोलिक निर्देशांकही मिळाला. परंतु हापूसला साका होतो. वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, आंबूस निघते. काडी काडीने आलेल्या झाडात हा दोषही काडी काडीनेच आला. तो घालवायचा तर पुन्हा बाठ्याकडेच जावे लागले. वेंगुर्ले येथील फळसंशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात निर्माण झाली आणि १९८१ मध्ये ती प्रसारित करण्यात आली. तिच्या फळात साका होत नाही. रत्ना हे शेवटी एका बाठ्यातूनच उगवलेले झाड होय.

दूरदेशीचे उदाहरण घ्यावयाचे तर १८८९ मध्ये भारतातून अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात ‘मलगोबा’ची कलमे पाठविण्यात आली. थंडीच्या कडाक्यातून एक झाड तगले. त्याची फळे उत्तम, पण ते धरी कमी. तेथल्या हेडन नावाच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १९०२ मध्ये त्याचे बाठे आपल्या आवारात पेरले. त्यांतल्या एका झाडाने १९१० मध्ये पहिल्यांदा फळ धरले. लाल गालाचे ते ‘हेडन’ आज अमेरिका खंडातील कितीतरी व्यापारी जातींचे मूळ मानले जाते. त्याचा बाप तेथल्या एखाद्या धाग्यांच्या, अगदी साध्या आंब्यापैकी असावा, असे जनुकांच्या तपासणीतून दिसून आले आहे. अंगणातला साधा आंबा नसता, तर ही मोठी घराणीही नसती.

आणि मानकुराद? त्याच्या झाडाझाडांत आकाराचा, रंगाचा, चवीचा फरक आढळतो. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने अशा झाडांतून निवड करून ‘कार्दोज मानकुराद’ हा प्रकार पुढे आणला. २०२३ मध्ये गोव्याच्या मानकुरादला भौगोलिक निर्देशांक मिळाला, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. तथापि निर्देशांक नावाचे रक्षण करतो. ज्या गर्दीतून ते नाव वर आले, त्या गर्दीचे रक्षण तो करीत नाही.

थोडक्यात, कलमाने चव टिकते, नवी चव मात्र बाठ्यातूनच येते. ज्या प्रदेशात बाठ्याची झाडे राहिली, त्या प्रदेशात उद्याच्या आंब्याचे बियाणे राहिले.

एका झाडाची हकीकत

येथे एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून माझे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

आमच्या घरामागे एक खोबऱ्या होता. बाकीचे आंबे संपत आले की त्याचा पाड लागे. मृगाचा पाऊस पडून गेल्यावरही त्याची फळे आढीत असत. गर घट्ट, धागा नाही. आजी त्याची साठे घाली, कैऱ्यांची आंबोशी करी आणि सांसवाला मात्र त्याला हात लावू देत नसे. त्यासाठी व्हाळावरचा आंबट आंबा वेगळा होता. कोणत्या झाडाचे फळ कशासाठी, हे सारे शास्त्र तिच्यापाशी होते आणि ते कोठेही लिहिलेले नव्हते. तिने मला किती वेळा सांगितले असेल, “अरे, याची काडी घेऊन एक कलम बांधून घे. हे झाड म्हातारे झाले.” मी नोकरीनिमित्त दुसऱ्या तालुक्यात होतो. दर सुटीत येई आणि दर सुटीत म्हणे, पुढच्या वर्षी नक्की.

आजी आषाढात गेली. पाऊस असा की कोठे कोरडे लाकूड मिळेना. प्रेताला आंब्याचे लाकूड लागते, हा आपल्याकडचा रिवाज आपणांस माहीत आहे. वडिलांनी घरामागच्या झाडाकडे बोट दाखविले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. तिच्या झाडाने तिला पोहोचविले, यात एक औचित्यही होते. दोर ओढणाऱ्यांत मी होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तेव्हा परसात फांद्यांचे शेंडे पडलेले होते. पाने मलूल झाली होती, पण काड्या अजून हिरव्या होत्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या कोणा जाणत्या माळ्याकडे नेल्या असत्या, तर दोनचार कलमे साधली असती. हे मला पुढे कळले. त्या दिवशी मी त्या ओलांडून घरात गेलो. दुसऱ्याच महिन्यात त्या जागी पडलेल्या एका बाठ्याला तांबूस पाने फुटली. ते रोप आम्ही जपले. आज त्याला भरपूर फळ येते. गोड आहे, मुलांना आवडतेही. पण तो खोबऱ्या नव्हे. गेलेले माणूस नातवाच्या चेहऱ्यात दिसते, तसा कधीतरी त्याच्या वासात मूळ झाडाचा भास होतो, एवढेच.

हकालपट्ट्या, स्वाऱ्या आणि तह यांच्या तारखा मी आयुष्यभर मुलांकडून पाठ करून घेतल्या. आणि माझ्याच परसातले एक जुने दप्तर माझ्या आळसाने नष्ट झाले. आजचे व्याख्यान हे एका परीने त्याचे प्रायश्चित्त आहे.

पुढे काय?

आता पुन्हा ऑलिव्हकडे वळू. इटलीच्या दक्षिणेकडील पुल्या प्रांतात २०१३ मध्ये ऑलिव्हच्या झाडांवर एका जिवाणूजन्य रोगाचे निदान झाले. त्यात लक्षावधी झाडे वाळून गेली. शेकडो वर्षांचे बुंधे कोरडे पडले. तेथे प्रामुख्याने लावलेल्या दोन जुन्या जाती या रोगाला लवकर बळी पडणाऱ्या होत्या. एक झाड हरले की त्याच्या काडीपासून झालेली सगळीच झाडे हरतात, हे कटू सत्य त्या शेतकऱ्यांना पाहावे लागले. काही मोजक्या जातींनी रोगाला तोंड दिले. आणि वाळलेल्या बागांच्या मधून, कुंपणांच्या कडेने, आपोआप उगवलेल्या बीच्या झाडांत आणखी काही तग धरणारी झाडे आहेत का, याचा शोध शास्त्रज्ञ घेऊ लागले. ज्यांच्याकडे शतकानुशतके कोणी पाहिले नव्हते, त्यांच्या दारी जाण्याची वेळ आली.

आपल्यावर ती वेळ येऊ नये, आणि आलीच तर आपली झाडे जागेवर असावीत. आपल्या तालुक्यात गेल्या सत्तर वर्षांत जमिनीचे रूप पालटले. खाणी आल्या, २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. रस्ते रुंदावले, घरे वाढली. यांतल्या कोणत्याही एका गोष्टीला दोष देण्यासाठी मी उभा नाही. जुने झाड बहुधा कोणाच्या वैराने जात नाही. ते कोणाचेच नसल्यामुळे जाते, आणि त्याचे नाव ठाऊक असलेले शेवटचे माणूस गेले की ते सरपण ठरते.

शेजारच्या कर्नाटकात, शिरसी-सागर भागात, नदीकाठच्या रानटी आंब्याच्या सुवासिक कैऱ्यांचे लोणचे प्रसिद्ध आहे. अप्पेमिडी असे तिचे नाव. ती झाडे कमी होऊ लागली तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी निवडक झाडांच्या काड्या आणून आपल्या बागांत कलमे बांधली. बाठ्याने दिलेली चव कलमाने राखली. दोन्ही वाटा एकत्र कशा येतात, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. आपल्या देशात २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यांनी राखलेल्या वाणांची त्यांच्या नावे नोंदणी करण्याची सोयही झालेली आहे.

म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. एक जाड वही घालावी. मुलांनी सुटीत आपापल्या वाड्यावर फिरून जुन्या आंब्यांची नोंद करावी : झाड कोठे उभे आहे, घरचे लोक त्याला काय म्हणतात, मोहर कधी येतो, पाड कधी लागतो, फळ कशासाठी वापरतात. ही माहिती बहुतकरून आजीपाशी मिळेल. तेव्हा घाई करावी. ज्या झाडाचे वय झाले आहे त्याच्या काड्या पावसाळ्याच्या सुरुवातीस घेऊन कोयकलमे बांधावीत. पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपावर ती साधतात आणि हे कौशल्य आठवीनववीच्या मुलांना सहज येते. आणि शेवटची गोष्ट : दरवर्षी दोनचार बाठे नुसतेच रुजू द्यावेत, त्यांवर कलम बांधू नये. त्यातून काय निघेल हे आपणांस माहीत नाही. पण आजवरचा प्रत्येक नामांकित आंबा प्रथम असाच, कोणाला माहीत नसलेल्या एका बाठ्यातून निघाला.

त्या वहीच्या पहिल्या पानावर शाळेमागच्या, गुरुजींच्या आंब्याची नोंद व्हावी, अशी माझी इच्छा आहे. तो अजून उभा आहे. त्याला नाव नाही. त्याची फळे जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडते त्या सुमारास पडतात आणि मुले ती पहिल्याच मधल्या सुटीत संपवितात, एवढी माहिती मी स्वतःच्या अनुभवावरून देऊ शकतो. पुढचे रकाने आपण भरावेत.